बावीस हजारांचा गिला वडा

अमेरिकेतल्या हौशी पायलट मंडळींमध्ये एक शब्दप्रयोग फार जुना आहे : शंभर डॉलरचा हॅम्बर्गर. शनिवारी सकाळी उठायचं, क्लबचं नाहीतर स्वतःचं दोन-चार खुर्च्यांचं विमान काढायचं, शंभरेक मैलांवरच्या कुठल्यातरी लहानशा विमानतळावर उतरायचं, धावपट्टीच्या कडेलाच असलेल्या हॉटेलात बर्गर हाणायचा आणि दुपारी घरी यायचं. बर्गर असतो दहा-बारा डॉलरचा. बाकीचे पैसे पेट्रोलचे आणि विमानाच्या भाड्याचे. आता शंभरात काही भागत नाही, पण नाव तेच राहिलं. जॉन पर्नर नावाच्या गृहस्थांनी तर याच नावाचं पुस्तक काढलंय, कुठल्या विमानतळावर काय खायला मिळतं याचं.

तर माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चिडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला विमान काढून अमरावतीला गिला वडा खायला जाता आलं पाहिजे. आणि "कशाला?" या प्रश्नावर त्याने "भूक लागली म्हणून" एवढंच उत्तर दिलं, तर ते सरकारला, शेजाऱ्याला आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला पुरलं पाहिजे.

घरच्या ग्रुपवर हे लिहून बघितलं. काकांचं उत्तर दोन मिनिटांत आलं : "काहून बे, डोकं फिरलं काय? इथं कापसाले भाव नाही अन् तुले विमानातनं वडे खायाचे?" खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या बाबांचा.

काकांना उत्तर देणारच आहे, पण आधी भूगोल.

मी आर्वीचा. नागपूरच्या सोनेगावहून अमरावतीच्या बेलोरा विमानतळाकडे नकाशावर सरळ रेघ मारली तर ती साधारण १४० किलोमीटरची होते आणि आर्वीच्या जवळूनच जाते. आमच्या गच्चीवरून मान वर केली की दिसावं इतकी. सेसना १७२ नावाचं चार खुर्च्यांचं विमान (जगात सगळ्यात जास्त संख्येने बनलेलं विमान हेच, ४४ हजारांच्या वर) ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. फ्लाइंग स्कूलकडे तासाचा दर पंधरा हजार धरा. दीड तासाचे साडेबावीस हजार. तिघांत वाटले तर माणशी साडेसात हजार, आणि वड्याचे जे काय होतील ते. बेलोऱ्याहून अमरावती गावात जायची रिक्षा वेगळी.

महाग आहे? आहेच. पण माझ्याच ऑफिसात पुण्यातली पोरं लडाखला बुलेट घेऊन जातात, एका ट्रिपचे साठ-सत्तर हजार उडवतात, आणि परत आल्यावर त्यांचं कौतुक होतं. मॅरेथॉनच्या बुटांना पंधरा हजार मोजणारे दोघे माझ्याच बाकावर बसतात. चार-सहा महिन्यांतून एकदा साडेसात हजार ही आजच्या मध्यमवर्गाला न परवडणारी रक्कम राहिलेली नाही. माझं भांडण पैशाशी नाही. माझं भांडण याच्याशी आहे की पैसे असले, लायसन असलं, विमान असलं, आकाश निरभ्र असलं, तरी आपल्याकडे हे सहज जमत नाही. आणि जमत नाही याचं कुणाला काही वाटत पण नाही.

२०२३ साली कंपनीने चार महिन्यांसाठी ओहायोला पाठवलं होतं. तिथे टीममधल्या एका पन्नाशीच्या सहकाऱ्याकडे एका जुन्या सेसनाचा तिसरा हिस्सा होता. म्हणजे तिघांनी मिळून घेतलेलं विमान, आपल्याकडे तीन भाऊ मिळून ट्रॅक्टर घेतात तसं. एका शनिवारी त्याने मला नेलं. मी आयडी कार्ड, पासपोर्ट, कंपनीचं पत्र असा सगळा गठ्ठा घेऊन गेलो होतो. तो हसला. फाटकाला कुलूप नव्हतं. त्याने विमानाला एक चक्कर मारली, टाकीत काठी घालून पेट्रोल बघितलं, टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काढून त्यात पाणी आहे का ते उजेडात धरून बघितलं, पंखे हलवून पाहिले, आणि आम्ही निघालो. तिथे कंट्रोल टॉवरच नव्हता. अशा विमानतळांवर सगळे पायलट एकाच ठरलेल्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत, कुठे वळतोय ते बोलत राहतात आणि एकमेकांना सांभाळून घेतात. पन्नास मिनिटांनी दुसऱ्या गावात उतरलो. विमान गवतावर दोरीने बांधलं. समोरच्या हॉटेलात अंडी, बटाटे आणि सफरचंदाचा पाय. परत निघताना त्याने पंपावर स्वतःच कार्ड घासून पेट्रोल भरलं. खर्चाची वाटणी केली, कारण खासगी लायसनवर त्याला माझ्याकडून भाडं घेता येत नाही, पण खर्च अर्धा-अर्धा करता येतो.

या सगळ्या प्रकारात आम्हाला एकदाही कुणी "कशाला?" विचारलं नाही. चांगल्या हवेत, डोळ्यांनी बघून, रिकाम्या आकाशातून जाणाऱ्याला तिथे फ्लाइट प्लॅन भरायचीसुद्धा सक्ती नाही.

"अहो ती अमेरिका." माहितीये. तिथे सार्वजनिक वापराचे पाच हजारांच्या आसपास विमानतळ आहेत. आपल्याकडे २०१४ साली ७४ चालू होते, आता दीडशेच्या वर गेलेत, ही वाढ खरी आहे आणि ती चांगलीच आहे. पण मोजमाप काय आहे बघा : नियमित प्रवासी विमान येतं का. ते येत असेल तर विमानतळ 'चालू', नाहीतर 'बंद'. रस्त्याला आपण असं म्हणतो का, की एसटी येत असेल तरच रस्ता चालू?

आता आपल्याकडची रीत. खासगी पायलटचं लायसन काढायला वय १७ पूर्ण, किमान ४० तास उड्डाण, डॉक्टरी तपासणी, लेखी परीक्षा, रेडिओवर बोलायचं वेगळं लायसन. इथपर्यंत माझी काहीही तक्रार नाही. आकाशात जाणाऱ्याला येत असलंच पाहिजे. तक्रार पुढे सुरू होते. साध्या उड्डाणालाही आधी फ्लाइट प्लॅन, मग एफआयसी नंबर, मग हवाई दलाकडून एडीसी नंबर, आणि जिथे उतरायचं त्या धावपट्टीच्या मालकाची आगाऊ परवानगी. ही शेवटची परवानगी म्हणजे खरी मेख आहे. मालक कधी राज्य सरकार, कधी महामंडळ, कधी लीजवर घेतलेली कंपनी. फोन कुणाला करायचा, इथून सुरुवात.

विदर्भातल्याच एका धावपट्टीच्या फाटकावर मी मागच्या दिवाळीत मुद्दाम गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण तिथला वॉचमन भला माणूस होता. त्याला विचारलं, एखाद्याने लहान विमान घेऊन इथे यायचं म्हटलं तर काय करावं लागतं? तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोणते साहेब येऊन राहिले?" मी म्हटलं कोणीच साहेब नाही, साधा माणूस. "मग कायले येईन?" आत धावपट्टीच्या कडेला गवत कमरेएवढं, आणि एका झाडाखाली त्याच्या शेळ्या.

कोणते साहेब येऊन राहिले! सगळी विमान वाहतूक या एका प्रश्नात आली. कारण आमच्याकडे हवेतून जेवायला येणारे लोक आहेत की. निवडणुकीच्या मोसमात विचारा. सभेआधी शेताचा तुकडा साफ होतो, चुन्याने गोल काढून मधे इंग्रजी एच, टँकरने पाणी मारतात, पोलीस येतात, अग्निशमनची गाडी येते. हेलिकॉप्टर उतरतं. साहेब एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी भाकरी-झुणका खातात, फोटो निघतात, दोन तासांत हेलिकॉप्टर उडतं. सगळ्या पक्षांचे साहेब. त्यांना कोणी म्हणत नाही की कापसाला भाव नाही आणि तुम्हाला हवेतून येऊन झुणका पाहिजे. म्हणजे हवेतून जेवायला जाणं आपल्या संस्कृतीत बसतं. फक्त माणूस कोण ते बघून.

हीच तर गोष्ट मला झोंबते. आपल्या डोक्यात विमान म्हणजे वाहन नसून पद आहे. लाल दिव्यासारखं. म्हणून धावपट्टी पण साहेबांसाठी, आणि साहेब नसेल तेव्हा शेळ्यांसाठी.

आता धावपट्ट्यांचा हिशोब बघा. २००९ साली राज्यातले पाच विमानतळ (नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामती आणि उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव) एका खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या लीजवर दिले. ९५ वर्षं! म्हणजे माझ्या नातवाच्या निवृत्तीपर्यंत. यातला यवतमाळचा विमानतळ वर्धा नदीच्या पलीकडेच, आमच्या जिल्ह्याला सगळ्यात जवळच्यांपैकी. तिथून आजवर नियमित प्रवासी सेवा रुळली नाही. अकोल्याची शिवणीची धावपट्टी ब्रिटिशांच्या काळातली. गोंदियाजवळची बिरसीची पण दुसऱ्या महायुद्धातली. बिरसीचं नशीब तेवढं उघडलं, तिथे पायलट प्रशिक्षण संस्था आली आणि लहान विमानं रोज उडू लागली. बेलोऱ्याचं उद्घाटन १६ एप्रिल २०२५ ला झालं, १८५० मीटरची धावपट्टी, मुंबईचं एटीआर विमान. तिथे मोठं प्रशिक्षण केंद्र पण ठरलंय, वर्षाला १८० पायलट तयार करायचे म्हणतात. आनंद आहे. पण ते १८० जण तासाचे पैसे भरून दोनशे तास पूर्ण करतील, व्यावसायिक लायसन घेतील, आणि एअरबसमध्ये जाऊन बसतील. हौसेने उडणारा माणूस त्या हिशोबात कुठेच नाही.

या धावपट्ट्यांखालची जमीन कोणाची होती? शेतकऱ्यांची. घेताना काय म्हटलं होतं? सार्वजनिक हित. मग जनतेतला कोणीही तिथे उतरू शकत नसेल, तर हित नेमकं कोणाचं झालं? काका, तुमच्या कापसाच्या मुद्द्याला माझं हे पहिलं उत्तर आहे. धावपट्टीत पैसा आधीच गेलाय. जमीन आधीच गेलीये. ती रिकामी ठेवल्याने कापसाला क्विंटलमागे एक रुपयाही जास्त मिळत नाही. उलट आठवड्याला चार विमानं उतरली तर उतरण्याचं भाडं येईल, एक पेट्रोलवाला लागेल, एक मेकॅनिक लागेल, आणि गेटवर भजी तळणारी एखादी बाई नक्की लागेल.

दुसरं उत्तर जरा कडू आहे. शेतकऱ्याच्या दुःखाचं नाव घेऊन आपण दुसऱ्याची हौस बंद करतो, स्वतःची नाही. समृद्धी महामार्ग बघा. ७०१ किलोमीटर, ५५ हजार कोटींचा खर्च, नागपूर-शिर्डीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. तेव्हापासून आमच्याकडची मंडळी रविवारी कार काढून कुठे कुठे जेवायला जातात हे मला ठाऊक आहे. याच काकांनी शेगावच्या कचोरीचा फोटो ग्रुपवर टाकलेला आहे. वर्धेहून पाऊणशे किलोमीटर नागपूरला सावजी मटण खायला जाणं हा तर आमचा जुना परिपाठ. (पिण्यासाठी जिल्ह्याची हद्द ओलांडणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे, एवढं सांगून थांबतो. पण लक्षात घ्या, पायलटला उड्डाणाआधी १२ तास दारू वर्ज्य असते. त्या दृष्टीने वर्ध्याइतका आदर्श हवाई जिल्हा महाराष्ट्रात शोधून मिळायचा नाही :) )

गंमत म्हणजे वर्धेत हा विषय काढला की लोक थेट बापूंपर्यंत जातात. सेवाग्रामच्या जिल्ह्यात असली चैन? बरोबर आहे, आश्रमाच्या अकरा व्रतांत 'अस्वाद' हे एक व्रत आहे, जिभेचे चोचले न पुरवण्याचं. म्हणजे विमानाने वडा खायला जाणारा दोन्हीकडून पापी. पण त्याच वर्धेत गोरस भांडारचा गोरसपाक मिळतो, शुद्ध तुपातला, आणि तो घ्यायला लोक वाकडी वाट करून येतात. जमनालाल बजाजांचं गाव हे. त्यांच्या घराण्याच्या स्कूटरसाठी एकेकाळी देशभरात लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, कारण किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवत होतं. रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागे, ते १९८०च्या दशकात गेलं. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे. आजोबांचा तो बिल्ला आमच्या घरी अजून आहे. सायकल, रेडिओ, स्कूटर, प्रत्येक गोष्ट त्या त्या काळी 'चैन' होती आणि प्रत्येकीसाठी कोणीतरी साहेब परवानगी देत बसला होता. आज स्कूटरवर दूध घालणारा माणूस कोणाला चैन करताना दिसतो का?

आणि आपण याबाबतीत नेहमीच असे नव्हतो. जेआरडींना लायसन मिळालं १० फेब्रुवारी १९२९ ला, मुंबईचा फ्लाइंग क्लब त्याच्या आदल्या वर्षीचा. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली रात्रीची टपाल विमानं सुरू झाली : मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारी दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरला यायची, टपाल आणि प्रवासी अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. चार कोपऱ्यांतली माणसं मध्यरात्री नागपूरला एकत्र. आमचं नागपूर देशाच्या आकाशाचं जंक्शन होतं राव. १९५८ साली एचएएलने 'पुष्पक' नावाचं दोन खुर्च्यांचं विमान उडवलं, ते खास फ्लाइंग क्लबांसाठी बनवलेलं होतं. म्हणजे गरीब देशाच्या सरकारलाही तेव्हा वाटत होतं की सामान्य पोरांनी उडायला शिकावं. आज आपण तेव्हापेक्षा कितीतरी श्रीमंत आहोत, आणि आपलं स्वप्न आक्रसून खिडकीजवळच्या सीटपर्यंत आलंय.

२०१७ साली उडान योजनेचं पहिलं विमान निघालं तेव्हा हवाई चप्पलवाल्याने हवाई जहाजात बसावं असं म्हटलं गेलं. छान वाक्य. पण त्यात 'बसावं' आहे. चालवावं नाही.

इथे एक जखम उघडतोच. आपल्याला पूर्वजांच्या विमानांचा भारी अभिमान. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं असं सांगतात, त्यावर सिनेमा निघाला, २०१५ च्या जानेवारीत मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर भाषण झालं. ज्या वैमानिक शास्त्राचा दाखला देतात ते पुस्तक १९७४ सालीच बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या लोकांनी तपासलं होतं. त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असा स्वच्छ निष्कर्ष होता. ते जाऊ द्या. पण त्याच मुंबईत, कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव नावाच्या माणसाने खरोखर सहा खुर्च्यांचं विमान बनवलं. गच्चीवर! २०१६ च्या मेक इन इंडियात ते लोकांनी बघितलं. नोंदणी मिळाली २०१७ साली, उडवायची परवानगी २०१९ साली, आणि २०२० साली ते धुळ्याच्या विमानतळावर उडालं. विमान तयार असताना कागद तयार व्हायला इतकी वर्षं. पुराणातल्या विमानाला आपण एका दिवसात मान्यता देतो. गच्चीवरच्या खऱ्या विमानाला मंत्रालयाच्या पायऱ्या.

"सुरक्षेचं काय?" हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. १८ मार्च २०२३ ला बिरसीहून निघालेलं प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं, दोघे गेले. लहान विमान धोकादायक आहे, मोटरसायकल धोकादायक आहे तसंच. म्हणूनच लायसन हवं, तपासणी हवी, विमानाची देखभाल कडक हवी. मी यातलं काहीही सैल करा म्हणत नाही. मी म्हणतोय ती परवानगी वेगळी आहे : अमुक ठिकाणी का जायचंय आणि तिथल्या साहेबांची हरकत नाही ना, ही. या कागदाने इंजिन सुरक्षित होत नाही. उलट जवळची धावपट्टी रोज उघडी असेल, तर हवा बिघडली किंवा इंजिन कुरकुरलं तर पायलटला उतरायला जागा मिळते. बंद फाटकाने कोणाचा जीव वाचतो?

"देशाची सुरक्षा" वाल्यांनाही एक उदाहरण देतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने ड्रोनचे नियम बदलले. २५ फॉर्मचे ५ केले, ७२ प्रकारच्या फी होत्या त्या ४ वर आणल्या. देशाचा नकाशा रंगवून टाकला : हिरव्या भागात ठरावीक उंचीपर्यंत परवानगीची गरज नाही, पिवळ्यात विचारा, लालमध्ये जाऊ नका. ज्या यंत्रात माणूसच नाही, जे कोणीही पाठीवरच्या पिशवीत घालून नेऊ शकतं, त्याच्यावर सरकारने विश्वास टाकला. आणि ज्यात नाव-पत्ता-मेडिकल-लायसनसह जिवंत माणूस स्वतःचा जीव घेऊन बसलाय, त्याला सांगायचं की तुझ्या वड्यामुळे देशाला धोका आहे? आमच्या जिल्ह्यात पुलगावला दारूगोळ्याचं भांडार आहे. त्याच्यावर लाल रंग मारा, मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. पण उरलेलं वऱ्हाडचं आकाश तरी हिरवं करा. माझ्या धंद्यात याला सोपं नाव आहे : डिफॉल्ट काय ठेवायचं. आपल्या आकाशाचं डिफॉल्ट 'नाही' आहे. ते चांगल्या हवेत, दिवसाउजेडी, ठरलेल्या उंचीखाली 'हो' करायचं, पायलटने मोबाइलवरून फक्त कळवायचं. प्रत्येक सरकारी धावपट्टीचा एक फोन नंबर, एक दरपत्रक, आणि विमान उतरलं की ऑनलाइन पावती. टोलनाका आपल्याला जमतो, हे का जमू नये?

एका आक्षेपापुढे मात्र मी खरंच थांबतो, तो पेट्रोलचा. लहान विमानांचं जे पेट्रोल आहे, एव्हगॅस १०० एलएल, त्यात अजून शिसं असतं. गाडीच्या पेट्रोलमधून आपण ते २००० सालीच काढलं. एव्हगॅस आधी आयात व्हायचं, २०२२ पासून इंडियन ऑइल देशातच बनवतं, पण शिसं आहे ते आहेच. यावर उपाय म्हणजे विमानाच्याच साध्या जेट इंधनावर चालणारी डिझेल इंजिनं, ती लहान विमानांत आता सर्रास मिळतात. म्हणजे नियम करायचाच असेल तर तिथे करा. अमुक वर्षानंतर नवीन विमान शिशाविना. मी पहिला सही करीन.

आता माझी मागणी, कारण नुसतं चिडून काय होतं. वर्धा जिल्ह्यात नागरी विमानतळ नाही. तो मागणारी निवेदनं अधूनमधून निघतात आणि प्रत्येकात तीच ती कारणं : संत्र्याची निर्यात, उद्योग, रुग्णांची सोय, पर्यटन. कारणं खोटी नाहीत. पण त्यासाठी मोठी काँक्रीटची धावपट्टी, टर्मिनल, कोटींचे आकडे आणि मग वीस वर्षांची वाट. मला तेवढं नकोय. मला गवताची पट्टी पाहिजे. ८०० मीटर लांब, ३० मीटर रुंद. हिशोब करा : २४ हजार चौरस मीटर, म्हणजे जेमतेम सहा एकर. दोन्ही टोकांना मोकळी जागा सोडून दहा एकर धरा. सेसनाला जमीन सोडायला तीनशे-चारशे मीटर पुरतात. आमच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेला की हवा विरळ होते, इंजिनही दमतं आणि पंखही, तेव्हा जास्त धावावं लागतं, म्हणून आठशे. टर्मिनल नको. एक वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, एक कुंपण आणि एक हँडपंप. सरकारी पडीक जमिनीवर करा, कोणाचं शेत घेऊ नका. खरं तर शेळ्या चरायला पण हरकत नाही, विमान यायच्या आधी हाकलल्या म्हणजे झालं.

मग बघा काय होतं. नागपूरहून वर्धा हवेतून साठ किलोमीटर, वीस मिनिटं. नागपूर-गोंदियातल्या शिकाऊ पोरांना दूरच्या उड्डाणाचे तास भरायचेच असतात, ती इकडे येतील. सेवाग्रामला जातील, पवनारला धाम नदीच्या काठी बसतील, वर्धेत कुठेतरी पाटवडी-रस्सा खातील. आणि निघताना गोरसपाक घेतील. तो मात्र बेताने घ्यावा लागेल. सेसनाच्या टाक्या पूर्ण भरल्या की चार खुर्च्या असूनही तीनच माणसं झेपतात, आणि उरलेलं वजन कागदावर मांडून मगच मागच्या कप्प्यात ठेवायचं असतं. माझ्या हिशोबाने मे महिन्यात तीन माणसांमागे दोन किलो. डिसेंबरात पाच किलोपर्यंत चालेल. काकांसाठी एक किलो वेगळा काढून ठेवलाय.